‘घरात बंदूक आहे का?’

माझी भाची अमेरिकेत, फ्लोरिडा राज्यात मुलांची डॉक्टर आहे. सोलापुरातल्या आमच्या मोहल्ल्यात वाढलेली. रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला वगैरे काही नाही, खात्यापित्या घरातली मुलगी. इथे शिकली, लग्न होऊन तिकडे गेली, तिथल्या परीक्षा दिल्या आणि आपल्या पायावर उभी राहिली. दर रविवारी तिचा फोन येतो. आधी अम्मीला, मग मला.

काही वर्षांपूर्वीच्या एका रविवारी ती म्हणाली, ‘‘मामू, एक गोष्ट विचारायची आहे. तुम्ही मास्तर होता म्हणून.’’

तिकडे मुलांच्या तपासणीत डॉक्टर घरातले बरेच काही विचारतात. सायकलवर बसताना मूल हेल्मेट घालते का, मागच्या अंगणात पोहण्याचा तलाव असेल तर त्याला कुंपण आहे का, औषधे आणि फिनेल मुलाच्या हाताला लागेल असे ठेवता का, गाडीत लहान मुलाची वेगळी खुर्ची आहे का. याच ओळीत एक प्रश्न येतो : घरात बंदूक आहे का, असेल तर कुठे ठेवता? त्या आठवड्यात चार वर्षांच्या एका मुलाला घेऊन त्याचा बाप आला होता. सगळ्या प्रश्नांना तो हसून उत्तरे देत होता. या प्रश्नावर गप्प झाला. त्याने आधी तिच्या कोटावरचे नाव वाचले, मग डोक्यावरचा रुमाल पाहिला, आणि म्हणाला, ‘‘तुम्ही हे लिहून घेणार का?’’

तिने कीबोर्डवरून हात काढून मांडीवर ठेवले. म्हणाली, मी या मुलाची डॉक्टर आहे, त्याला आता ड्रॉवर उघडता येतो, म्हणून विचारते. तो थोडा वेळ बसून राहिला. मग सांगितले, दोन आहेत, एक गाडीत आणि एक पलंगाशेजारच्या ड्रॉवरमध्ये. कुलूप? गाडीतलीला आहे. तिने कुलपाच्या पेटीबद्दल सांगितले, गोळ्या वेगळ्या ठेवा म्हणाली, आणि लस टोचून मूल घरी गेले.

‘‘मामू,’’ ती म्हणाली, ‘‘शेजारच्या खोलीतला गोरा डॉक्टर हा प्रश्न विचारतो तेव्हा तो डॉक्टर असतो. मी विचारते तेव्हा मी कोण असते? विचारू की नको?’’

मी तेव्हा काहीतरी गुळमुळीत बोललो. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. जमेल तसे वाचत गेलो. तिला द्यायचे राहिलेले उत्तर इथे लिहितो आहे.

आपल्याकडे हा प्रश्नच उठत नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, पोलिसांची चौकशी होते, निवडणूक आली की परवान्याची हत्यारे ठाण्यात जमा करायला सांगतात. ज्याच्याकडे परवान्याची बंदूक आहे त्याचे नाव सरकारी दप्तरात असतेच. डॉक्टरने विचारले काय आणि न विचारले काय. अमेरिकेत गोष्ट वेगळी आहे. तिथल्या राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीत शस्त्र बाळगण्याचा हक्क आहे, आणि तो प्रत्येक व्यक्तीचा हक्क आहे असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजाप्रमाणे तिथल्या सामान्य लोकांकडे सुमारे ३९ कोटी बंदुका आहेत, म्हणजे माणसे कमी आणि बंदुका जास्त. आणि १९८६च्या एका कायद्याने केंद्र सरकारला अशी देशभरची नोंदवही ठेवायलाच मनाई केली आहे की अमक्याकडे अमकी बंदूक आहे. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढच्या साऱ्या भांडणाचे मूळ त्या न ठेवलेल्या वहीत आहे.

भाचीच्याच राज्यात हे भांडण कोर्टात गेले. २०१० साली ओकाला गावात मुलांच्या एका डॉक्टरने एका आईला हा प्रश्न विचारला. ती म्हणाली, ही माझी खासगी बाब आहे. डॉक्टर म्हणाले, मग तीस दिवसांत दुसरा डॉक्टर शोधा. त्याची बातमी झाली. बंदूकधारकांच्या बलाढ्य संघटनेने, नॅशनल रायफल असोसिएशनने, प्रकरण उचलून धरले आणि २०११च्या जूनमध्ये गव्हर्नर रिक स्कॉट यांनी एका कायद्यावर सही केली. लोकांनी त्याचे नाव पाडले ‘डॉक्टर विरुद्ध ग्लॉक’. ग्लॉक ही पिस्तुलाची एक जात. रुग्णाच्या उपचाराशी किंवा सुरक्षिततेशी संबंध असल्याचे डॉक्टरला प्रामाणिकपणे वाटत नसेल तर त्याने बंदुकीबद्दल विचारू नये, संबंध नसताना नोंद करू नये, बंदूक बाळगतो म्हणून रुग्णाशी भेदभाव करू नये, त्याला विनाकारण छळू नये, असे त्यात होते. मोडले तर दहा हजार डॉलरपर्यंत दंड आणि डॉक्टरकीचा परवाना जाण्याची भीती.

वरवर पाहता यात वावगे काय? पण संबंध आहे की नाही हे ठरवणार कोण, आणि ‘विनाकारण’ म्हणजे नेमके किती? आईबाप धडधाकट आहेत, मूल हसते-खेळते आहे, तर बंदुकीचा संबंध आहे की नाही? संबंध कळतो तो अपघात झाल्यावर. परवाना जाण्याची टांगती तलवार डोक्यावर असली की माणूस मोघम कायद्याचा अर्थ आपल्याविरुद्धच लावतो आणि तोंड बंद ठेवतो. डॉक्टर कोर्टात गेले. जिल्हा न्यायालयाने सप्टेंबर २०११मध्ये कायद्याला स्थगिती दिली. अपिलात तीन न्यायाधीशांच्या पीठाने एकदा नव्हे, तीनदा राज्याच्या बाजूने कौल दिला. अखेर १६ फेब्रुवारी २०१७ रोजी अकराव्या सर्किटच्या सगळ्या न्यायाधीशांनी मिळून प्रश्न विचारण्यावरची, नोंदीवरची आणि ‘छळा’ची कलमे रद्द केली. भेदभाव करू नये हे कलम तेवढे ठेवले. न्यायालयाच्या मते राज्याने पुरावा म्हणून आणलेले ते केवळ सहा किस्से होते. आणि शस्त्राचा हक्क लोकांना आहे तो सरकारपासून, डॉक्टर काही कुणाची बंदूक काढून घेऊ शकत नाही.

म्हणजे भाचीला प्रश्न विचारायला कायद्याची आडकाठी राहिलेली नाही. पण तिने मला कायदा विचारला नव्हता.

डॉक्टर हे विचारतातच का? आपली समजूत अशी की अमेरिकेत बंदूक म्हणजे शाळेत घुसून गोळीबार करणारा माथेफिरू. पेपरात तेच येते. आकडे वेगळे बोलतात. २०२३ साली तिथे बंदुकीने सुमारे ४६,७०० माणसे मेली, त्यांतली २७ हजारांहून अधिक आत्महत्या करून. निम्म्याहून अधिक मरणे अशी की जिथे मारणारा आणि मरणारा एकच, आणि बंदूक बहुतेक वेळा घरातलीच. दुसरे म्हणजे, २०२०पासून तिथल्या एक ते एकोणीस वयाच्या मुलांच्या मृत्यूचे पहिले कारण बंदूक ठरले. आजार मागे पडले, मोटारअपघातही मागे पडले. ज्या गोष्टीने मुले सर्वांत जास्त मरतात ती गोष्ट सोडून मुलांच्या डॉक्टरने बाकी सगळे विचारावे असे म्हणणे म्हणजे पावसाळ्यात हगवणीची साथ असताना डॉक्टरने पाण्याचे तेवढे काढू नये म्हणण्यासारखे आहे.

यावर एक नेहमीचे उत्तर असते : ज्याला मरायचेच आहे तो काहीही करून मरतो. मीही बरीच वर्षे असेच समजत होतो. हे खरे नाही. मरणाची ती लहर पुष्कळदा काही मिनिटांची असते. त्या मिनिटांत हाताशी काय आहे यावर सगळे ठरते. गोळ्या गिळणारे बहुतेक जण वाचतात. बंदूक वापरणाऱ्यांतले दहांपैकी आठ-नऊ वाचत नाहीत. आणि जे एकदा वाचतात त्यांतले दहांपैकी सुमारे नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत, आपल्या मरणाने मरतात. याचा सर्वांत स्पष्ट दाखला इस्रायली सैन्यातला आहे. तो देताना माझा हात जड होतो, पण दाखला खरा आहे तर लपवायचा कशाला? २००६च्या सुमारास तिथे आठवड्याच्या सुटीला घरी जाणाऱ्या जवानांना बंदूक तळावर ठेवून जायला सांगितले, आणि तरुण जवानांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. जवान तेच, दुःखे तीच. हत्यार तेवढे दोन दिवस लांब राहिले. श्रीलंकेने अत्यंत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली तेव्हा तिथेही असेच झाले. १९९५च्या सुमाराच्या मानाने आत्महत्यांचे प्रमाण पुढच्या वीस वर्षांत दोन-तृतीयांशाहून अधिक खाली आले. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या घरात बंदूक नसते, पण फवारणीचे औषध असते, आणि ते बहुधा ज्वारीच्या पोत्यामागे असते. ‘औषध कुठे ठेवता?’ हा तिथला प्रश्न आहे, आणि डॉक्टरने तो विचारला तर शेतकऱ्याच्या इज्जतीला धक्का लागला असे कुणी म्हणणार नाही.

मुळात हत्यार बाळगणे वेगळे आणि ते कसे बाळगावे हे वेगळे, हा फरक आपल्याला नवा नसावा. बाण घेऊन मशिदीतून किंवा बाजारातून जाणाऱ्याने त्यांची टोके मुठीत धरावीत, कुणाला लागू नयेत, अशी ताकीद हदीसमध्ये आहे. म्यानाबाहेर काढलेली तलवार एकाने दुसऱ्याच्या हाती देऊ नये, अशीही आहे. ज्या समाजात प्रत्येक पुरुषाकडे हत्यार होते तिथली ही शिकवण. बाण घरी ठेवून या असे सांगितले नाही. टोक धरा म्हटले. भाचीने त्या बापाला कुलपाची पेटी घे म्हटले ते याहून निराळे काय होते?

इथवर सगळे सोपे आहे. डॉक्टरने विचारावे, असे म्हणून लेख संपवता आला असता. पण त्या बापाचा प्रश्न शिल्लक राहतो. लिहून घेणार का?

बंदूकवाल्यांच्या बाजूचे बरेच बोलणे मला उर्मट वाटते. २०१८च्या नोव्हेंबरात त्यांच्या संघटनेने डॉक्टरांना सुनावले की त्यांनी आपल्या मर्यादेत राहावे. त्यावर शल्यचिकित्सकांनी रक्ताने माखलेले आपले कपडे आणि बूट यांचे फोटो जगाला दाखवले, आमची मर्यादा ही बघा म्हणून. विवेक मूर्ती, मूळ आपल्या शेजारच्या कर्नाटकातल्या कुटुंबातले, त्यांनी २०१२ साली बंदुका हा आरोग्याचा प्रश्न आहे एवढेच लिहिले होते. त्यापायी अमेरिकेचे सर्जन जनरल म्हणून त्यांची नेमणूक वर्षाहून अधिक लटकली. पुढे २०२४च्या जूनमध्ये त्यांनी त्याच पदावरून बंदुकीच्या हिंसेबद्दल इशारा काढला, तर सरकार बदलल्यावर २०२५च्या मार्चमध्ये तो सरकारी संकेतस्थळावरून उतरवला गेला. एवढी भीती कशाची, असे वाटते.

तरी त्या बापाच्या प्रश्नाला मी हसू शकत नाही. कारण वहीची भीती काय असते ते मला ठाऊक आहे. मी वही धरणारा होतो.

मी प्राथमिक शाळेचा मास्तर. मास्तराला शिकवण्याखेरीज सगळी कामे असतात : जनगणना, मतदारयाद्या, निवडणूक आणि पल्स पोलिओ. डोस पाजून झाला की घराच्या दारावर खडूने खूण करायची. सगळ्या मुलांना डोस मिळाला असेल तर इंग्रजी ‘पी’, एखादे राहिले असेल किंवा घर नाही म्हणत असेल तर ‘एक्स’. पर्यवेक्षक मागाहून येऊन खुणा तपासणार. पद्धत चांगली होती. तिने काम झाले. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी बंगालमध्ये हावड्याला सापडला आणि २०१४ साली आपण पोलिओमुक्त ठरलो. त्यात मशिदींतून झालेल्या आवाहनांचा वाटा मोठा होता, हे आपल्यातले पुष्कळ लोक विसरतात आणि बाहेरच्यांना तर माहीतच नसते.

पण मी सांगतो ते २००३च्या जानेवारीतले. आदल्या वर्षी गुजरात झाले होते. घरे शोधायला याद्या वापरल्या गेल्या, असे छापून आले होते. ऑक्टोबरात आमच्या सोलापुरातही दंगल झाली. त्यानंतर मी खडू घेऊन माझ्याच मोहल्ल्यात फिरत होतो. डोसाने मुलांना पुढे औलाद होत नाही ही अफवा होतीच, पण तिला उत्तर देता येत होते. मी माझ्या मुलीला डोस सर्वांसमक्ष पाजला होता. एका म्हातारीने मात्र डोसाबद्दल काहीच विचारले नाही. नातवाला स्वतः पुढे केले, डोस पाजून घेतला, आणि मी दाराकडे वळलो तशी म्हणाली, ‘‘मास्तर, ये निशान कायकू?’’

मी पोलिओसाठी म्हणालो. ती म्हणाली, तुला माहीत आहे पोलिओसाठी, बाकीच्यांना माहीत आहे का?

फ्लोरिडातल्या बापाचा आणि या म्हातारीचा प्रश्न एकच आहे. दोघांनाही डॉक्टरचा किंवा मास्तराचा राग नव्हता. उत्तर कुठे जाईल, उद्या ते कुणाच्या हाती पडेल, एवढेच त्यांना विचारायचे होते. एकाकडे दोन बंदुका होत्या आणि दुसरीकडे काहीच नव्हते, हा फरक आहे खरा. लहान नाही तो. भीती मात्र दोघांची एकाच जातीची.

आणि अमेरिकेतल्या वह्यांचा हिशेब सरळ आहे असेही नाही. सप्टेंबर २००१च्या हल्ल्यांनंतर तिथे बाराशेच्या आसपास लोक धरले गेले, बहुतेक आपल्या नावांचे. त्यांच्यापैकी कुणी बंदूक विकत घेतली होती का हे एफबीआयला सरकारी कागदांतून पाहायचे होते. ॲटर्नी जनरल जॉन ॲशक्रॉफ्ट यांच्या खात्याने नकार दिला : बंदूक घेणाऱ्याचा खासगीपणा कायद्याने राखलेला आहे. माणसाला कोठडीत टाकता येते, त्याच्या बंदुकीची पावती पाहता येत नाही! आणि त्याच खात्याने २००२पासून पंचवीस देशांतल्या पुरुषांना कचेरीत येऊन नाव, बोटांचे ठसे, फोटो देण्याचा हुकूम काढला. उत्तर कोरिया सोडला तर बाकी चोवीस देश मुस्लिम बहुसंख्येचे. (भारत त्या यादीत नव्हता.) ८० हजारांहून अधिक लोक आपल्या पायांनी नोंदवायला गेले, सुमारे १३ हजारांवर देशाबाहेर घालवण्याची कारवाई सुरू झाली. दहशतवादाचा गुन्हा त्या नोंदणीतून एकावरही सिद्ध झाला नाही. बंदूकवाल्याची वही नको म्हणून कायदा, आणि अहमद-अब्दुल्लाची वही हवी म्हणून हुकूम. हे वाचून मला क्षणभर त्या बंदूकवाल्याचा हेवा वाटला. मग वाटले, हेवा कशाला, त्याला जे मिळाले ते सगळ्यांना मिळायला हवे होते.

म्हणून भाचीला उत्तर देताना मला प्रश्न आणि वही या दोन गोष्टी सुट्या कराव्या लागतात.

प्रश्न विचारावाच. रुमाल बांधून विचारावा. तिचे नाव वाचून बाप दचकतो हा त्याचा भार आहे. त्या भारापायी चार वर्षांच्या मुलाला सल्ला न मिळणे हा कुठला न्याय? शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरकडे पाठवलेल्या मुलाला तो सल्ला मिळेल आणि तिच्याकडे आलेल्याला मिळणार नाही, असे व्हायला नको. काही डॉक्टर यातून पळवाट काढतात. कुणालाच विचारत नाहीत, सगळ्यांना सांगतात : ज्यांच्या घरी बंदूक असेल त्यांनी ती रिकामी करून कुलपात ठेवावी, गोळ्या वेगळ्या ठेवाव्यात. कुणी दुखावत नाही. पण जुम्याच्या खुतब्यात सुदखोरीवर कितीही बोला, ऐकणाऱ्या प्रत्येकाला ते शेजारच्यासाठीच वाटते. आपल्याला नाव घेऊन विचारले तरच माणूस आपल्या ड्रॉवरकडे पाहतो. काहीच न विचारण्यापेक्षा पळवाट बरी, एवढेच तिच्याबद्दल म्हणेन. आणि समोर उदास, खचलेला माणूस बसला असेल तर तीही नको. तिथे सरळच विचारले पाहिजे, आणि घरच्यांनाही विश्वासात घेतले पाहिजे. आपल्यात आत्महत्येचा शब्द घरात उच्चारत नाहीत. झाली तर ‘हार्ट फेल’ म्हणून दफन उरकतात. डॉक्टरला ही सूट नाही.

विचारायचे कसे, याचा एक जुना रिवाज आपल्याकडे आहे. दुसऱ्याच्या घरात शिरण्याआधी परवानगी मागा, सलाम करा, हे सूरह नूरमध्ये आहे. आणि तीनदा मागूनही मिळाली नाही तर परत फिरा, हे हदीसमध्ये. बंदुकीचा प्रश्न म्हणजे दुसऱ्याच्या झोपण्याच्या खोलीत शिरणे आहे. ‘एक विचारू का, मुलाच्या काळजीपोटी विचारते’ एवढे आधी म्हटले पाहिजे. समोरच्याने नाही म्हटले तर राग न धरता परतले पाहिजे, आणि पुढच्या तपासणीला पुन्हा दार वाजवले पाहिजे. ओकालाच्या डॉक्टरचे चुकले ते इथे. त्याने विचारले ते योग्यच. उत्तर मिळाले नाही म्हणून त्याने बाईला दार दाखवले, आणि तेही तिच्या मुलासकट. ज्याच्या काळजीपोटी प्रश्न होता त्यालाच बाहेर काढले. त्याच्यामुळे सहा वर्षे हजारो डॉक्टर कायद्याच्या धास्तीत राहिले, हे मला त्या कायद्याइतकेच खटकते.

वहीचे उत्तर इतके सरळ देता येत नाही. मला वाटते, डॉक्टरने बंदुकीची नोंद सर्रास करू नये. जिथे धोका दिसतो आहे, माणूस खचला आहे, घरात मारहाण आहे, विसरभोळा म्हातारा आहे, तिथे करावी, कारण रात्रपाळीच्या दुसऱ्या डॉक्टरला ते कळलेच पाहिजे. जिथे सल्ला देऊन काम भागते तिथे सल्ला दिला एवढेच लिहावे. रुग्णाचे कागद गुप्त राहतात असे म्हणतात. राहतातही, राहतात तोवर. २०२५च्या जूनमध्ये उघड झाले की तिथल्या सरकारी आरोग्यविम्याची, मेडिकेडची, लाखो लोकांची माहिती स्थलांतरितांना शोधणाऱ्या खात्याच्या हाती दिली गेली होती. प्रकरण कोर्टात गेले. पण ज्यांनी दवाखान्याच्या खिडकीत आपला पत्ता विश्वासाने सांगितला होता त्यांचा पत्ता गेला तो गेलाच. म्हणजे म्हातारी अडाणी नव्हती आणि बंदूकवाला निव्वळ वेडा नव्हता.

गेल्या महिन्यात हे सगळे मी भाचीला फोनवर वाचून दाखवले. ती ऐकत होती. मग म्हणाली, ‘‘मामू, आता हात मांडीवर ठेवायची सोयच राहिली नाही. संगणकावर त्या प्रश्नाचा चौकोन आहे. हो, नाही, सांगितले नाही. तीनपैकी एक दाबल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही, आणि पान उघडले नाही तर लसही लिहिता येत नाही.’’

मी विचारले, मग तू काय दाबतेस? बाप विश्वासाने हो म्हणाला आणि तू ‘सांगितले नाही’ दाबलेस तर ते खोटे झाले. ‘हो’ दाबलेस तर तुझ्यावर विसंबलेल्या माणसाचे नाव कुठल्या वहीत गेले ते तुलाही माहीत नाही.

ती म्हणाली, आधी स्क्रीन त्याच्याकडे फिरवते, चौकोन दाखवते, आणि मग विचारते. काही जण सांगतात. काही जण स्क्रीन पाहून गप्प बसतात. गप्प बसणाऱ्यांना पेटीचे सांगते आणि तिसरे दाबते. ‘‘पण मामू, ज्याला खरोखर पेटी हवी होती तोही गप्प बसला असेल तर?’’

मला उत्तर सुचले नाही.

मग तिने विचारले, ‘‘तुम्ही त्या दादीच्या दारावर खूण केली होती का?’’

केली होती. न करून चालणार नव्हते. संध्याकाळी पर्यवेक्षक येणार होता. फक्त चौकटीच्या आतल्या बाजूला केली, बारीक, दार लावले की दिसणार नाही अशी. त्याला ती सापडली नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला पुन्हा त्या घरी पाठवले गेले.